हॉर्सपॉवरचा आकडा: कुठला खरा, आणि आपल्याला कुठला लागतो?

रविवारचा चहा झाला असेलच. आजचा विषय थोडा वेगळा आहे. घरात सतरा-अठरा वर्षांचं कुणी असेल, तर त्यालाही बोलवा.

मागच्या महिन्यात एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याचा मुलगा पी-प्लेटवर आहे. मित्र एक सेकंडहँड फोर्ड मस्टँग जीटी घ्यायचं म्हणत होता, २०१६ ची, पाच लिटर, व्ही-एट इंजिनवाली. भाजी वाढता वाढता बापलेकांचं जुंपलं. मुलगा म्हणे, "बाबा, ही ४३५ हॉर्सपॉवरची गाडी आहे." बाबा म्हणाले, "छे! इथल्या माहितीपत्रकात ३०६ किलोवॅट लिहिलंय. म्हणजे ४१० च." मुलाचं मत, कंपनी ऑस्ट्रेलियाला फसवते. बाबांचं मत, अमेरिकेतले आकडे फुगवलेले. निकाल द्यायला मला मध्ये घेतलं.

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते. ते कसं, ते पाहू.

आधी एकक. गावाकडची विहिरीवरची मोटर आठवा. "पाच एचपीची मोटर बसवलीय" हे आपण लहानपणापासून ऐकलंय. तीच ही हॉर्सपॉवर. साधारण ७६ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढा जोर लागतो, ती एक हॉर्सपॉवर. किलोवॅटमध्ये ती ०.७४६ भरते. म्हणजे ४३५ हॉर्सपॉवर झाले ३२४ किलोवॅट, आणि ३०६ किलोवॅट झाले ४१० हॉर्सपॉवर. मित्राचा हिशेब चोख होता. युरोपातली 'पीएस' ही मेट्रिक हॉर्सपॉवर किंचित लहान असते, ०.७३५ किलोवॅटची. त्यामुळे युरोपीय आकडा नेहमी थोडा मोठा दिसतो.

आता विहिरीवरच्या मोटरीत आणि गाडीत एक फरक आहे. मोटर तिची पाच हॉर्सपॉवर दिवसभर देते. मस्टँगचे ४१० मात्र पाय पूर्ण दाबून इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास पोचलं, तरच मिळतात. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने एकसारखं जायला दहा-पंधरा किलोवॅट पुरतात. छापलेला आकडा हा शिखराचा असतो, रोजच्या वापराचा नव्हे.

मग एकाच इंजिनाचे दोन देशांत दोन आकडे कसे? उजव्या स्टिअरिंगची जागा, एक्झॉस्टची रचना, प्रदूषणाचे आणि आवाजाचे नियम, मोजणीची पद्धत, हे सगळं देशागणिक बदलतं आणि आकडा थोडा हलतो. २०१८ च्या मॉडेलला अमेरिकेत ४६० हॉर्सपॉवर, म्हणजे ३४३ किलोवॅट होते, इथे ३३९. नव्या पिढीची जीटी अमेरिकेत ४८० ची म्हणून जाहीर झाली, त्याचे ३५८ किलोवॅट होतात. इथला आकडा याही वेळी कमीच. शौकिनांची कुरकुर दर पिढीला नव्याने होते.

मोजणीची पद्धत किती फरक पाडते, याचा जुना दाखला ऐका. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या 'ग्रॉस' आकडा मिरवत. इंजिन स्टँडवर ठेवायचं आणि त्याची शक्ती खाणारी एअर फिल्टर, सायलेन्सर, आल्टरनेटर अशी मंडळी बाजूला काढायची. १९७२ पासून 'नेट' आकडा आला, म्हणजे गाडीत बसल्यावर असतं तशा अवस्थेत मोजलेला. शेव्हरोले कॉर्व्हेटचं ४५४ घनइंची इंजिन १९७१ मध्ये ३६५ हॉर्सपॉवरचं होतं, १९७२ मध्ये २७० चं. इंजिन जवळपास तेच, बदलला तो तराजू.

आकडा मुद्दाम कमी सांगण्याची उदाहरणंही आहेत, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं आपल्या इथलंच. १९७१ च्या फोर्ड फाल्कन जीटी-एचओ फेज थ्रीचा अधिकृत आकडा ३०० हॉर्सपॉवर होता. जाणकार मात्र तो ३५० च्या वरच मानत आले. त्याच गाडीने त्या वर्षी अ‍ॅलन मॉफट बाथर्स्टची शर्यत जिंकले. पुढच्या वर्षी, जून १९७२ मध्ये, सिडनीच्या 'सन-हेराल्ड'ने ताशी १६० मैलांच्या 'सुपरकार' रस्त्यावर येणार अशी मोठी बातमी छापली. तरुणांच्या हाती अशा गाड्या कशा, म्हणून गदारोळ झाला, न्यू साउथ वेल्सच्या वाहतूक मंत्र्यांनी ताशेरे ओढले आणि फोर्डने फेज फोर गुंडाळली. म्हणजे आकडा आणि तरुण चालक यांची चर्चा या देशात पन्नास वर्षांहून जुनी आहे.

कधी कधी शौकिनांचं म्हणणं खरंही ठरतं. १९९९ ची मस्टँग कोब्रा ३२० हॉर्सपॉवरची म्हणून विकली गेली. मालकांनी गाड्या डायनोवर, म्हणजे रोलरच्या यंत्रावर चढवल्या, तर शक्ती कमी भरली. फोर्डने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावून इनटेक आणि एक्झॉस्ट दुरुस्त करून दिले, आणि २००० साली साधी कोब्रा बाजारात आणलीच नाही.

पण डायनोचा आकडा वाचतानाही सावध राहा. तो चाकांवर मोजलेला असतो. इंजिनापासून चाकांपर्यंत जाताना गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमध्ये साधारण १० ते १५ टक्के शक्ती जाते. ४१० ची गाडी रोलरवर ३५०-३७० दाखवत असेल, तर कुणी फसवलेलं नाही. इंधनाचंही तसंच. अमेरिकेतलं ९३ ऑक्टेन आणि इथलं ९८ जवळपास एकच. मोजायची पद्धत वेगळी. ९८ वर मोजलेली गाडी ९१ वर चालवली, तर कॉम्प्युटर इंजिनाला जपण्यासाठी शक्ती कमी करतो.

मी आयटीतला माणूस. आमच्याकडे कुठलाही आकडा आला की पहिला प्रश्न असतो, "कुठल्या परिस्थितीत मोजला?" तुमचं एनबीएनचं बिल बघा. प्लॅनच्या नावातला वेग वेगळा आणि संध्याकाळी सात ते अकराचा वेग वेगळा छापलेला असतो. घरात सगळे एकदम ऑनलाइन आले की कामाचा तो दुसरा. गाडीच्या बाबतीत कामाचा आकडा कुठला?

पी-प्लेटवाल्यांसाठी तो आहे किलोवॅट प्रति टन. व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड अशा राज्यांत टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त शक्तीची गाडी पी-प्लेटवर चालवता येत नाही. शक्ती भागिले रिकाम्या गाडीचं वजन, इतका सोपा हिशेब.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर तोच मांडला. मस्टँग जीटीचं वजन साधारण १.७ टन. बाबांच्या ३०६ ला १.७ ने भागलं, आले १८०. मुलाच्या ३२४ ला भागलं, आले १९१. मर्यादा १३०. या वजनाला १३० मध्ये बसायचं तर शक्ती २२१ किलोवॅटच्या आत हवी. ज्या १८ किलोवॅटसाठी तासभर भांडण झालं, त्यांनी मुलाच्या बाबतीत काहीच बदलत नव्हतं. चार सिलिंडरची मस्टँग बघू म्हणाला, तर नंतरच्या मॉडेलचे २२४ किलोवॅट आणि सुमारे १.६५ टन. हिशेब १३५ च्या आसपास, म्हणजे तीही बाहेर.

मुलगा हिरमुसला. पण आईचा चेहरा उतरला तो वेगळ्या कारणाने. "बाबांची गाडी तू कधीतरी चालवशील असंच आम्ही धरलं होतं," ती म्हणाली. घरची गाडी म्हणजे सगळ्यांची गाडी, ही आपली सवय. इथे ती महागात पडू शकते. मनाई असलेली गाडी पी-प्लेटवर चालवताना अपघात झाला, तर दंड आणि लायसन्स बाजूलाच राहू दे, विमा कंपनीही दावा नाकारू शकते.

म्हणून मंडळी, एवढं करा. गाडी घेण्याआधी आपल्या राज्याच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर नेमकं मॉडेल आणि वर्ष घालून पी-प्लेटची यादी तपासा. विजेवरची गाडी घेत असाल तर नक्कीच तपासा. दिसायला साध्या असलेल्या काही घरगुती इलेक्ट्रिक गाड्याही १३० च्या पलीकडे जातात. कुणी आकडा सांगितला की चार गोष्टी विचारा: हॉर्सपॉवर की किलोवॅट, इंजिनावर की चाकांवर, कुठल्या देशाच्या नियमाने, आणि गाडीचं वजन किती?

मित्राने मस्टँग घेतली, स्वतःसाठी. चिरंजीव सध्या आईची कोरोला चालवतात आणि पी-प्लेट उतरण्याचे महिने मोजतात.

तुमच्या घरी असा कुठला वाद रंगला असेल तर जरूर कळवा. पुढच्या रविवारी पुन्हा भेटू. गाडी जपून चालवा. नमस्कार!