मूठभर तांदूळ आणि आत्मिक जागृती



आत्मिक जागृती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मंडप, ध्वनिक्षेपक आणि बाहेरून आलेले वक्ते उभे राहतात. तीन रात्री सभा होतात, लोक रडतात, पुढे येतात. पंधरा दिवसांनी मंडळी होती तशीच असते. सभांना माझा विरोध नाही. पण जागृती टिकते कशाने, असे कुणी विचारले की मी 1742 सालच्या ब्रिस्टलची गोष्ट सांगतो.

इंग्लंडमधील या शहरात जॉन वेस्ली यांच्या मंडळीवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले. मग गरिबांचे काय? कॅप्टन फॉय नावाचे सभासद म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या; त्यांना जमले नाही तर मी भरीन. असे बारा-बारा जणांचे वर्ग पडले. पैसे घ्यायला घरोघर जाणाऱ्यांना मात्र वेगळेच दिसू लागले. कुठे नवराबायकोचे भांडण, कुठे दारू. घरोघर फिरण्यात फार वेळ जाई, धन्याच्या घरी राहणाऱ्या नोकरांशी मोकळे बोलता येत नसे, म्हणून पुढे प्रत्येक वर्ग आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. कर्ज फेडण्याची ही साधी युक्ती मेथडिस्ट जागृतीचा कणा ठरली.

आमच्या पाड्यांवर भगिनींचे गट दर बुधवारी प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ गोळा करतात. गेल्या वर्षी एका घरची मूठ सलग तीन आठवडे आली नाही. विचारायला गेलेल्या मावशीला कळले, की नवऱ्याने मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतली आहे आणि चार वर्षांच्या धाकट्याला सांभाळायला मुलीला आश्रमशाळेतून काढून सोबत न्यायचे ठरले आहे. लाजेने ती बाई उपासनेलाही येत नव्हती. उचल फेडण्याइतके पैसे गटात कुणाकडेच नव्हते. मावशीने धाकट्याला आपल्या घरी ठेवून घेतले. मुलगी शाळेतच राहिली. फडावर निघण्याआधीच्या बुधवारी त्या बाईने गटात पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली. मुकादमासाठीसुद्धा.

प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये शिक्षण, भाकर मोडणे आणि प्रार्थना यांच्या जोडीला सहवास आहे. मूळ ग्रीक शब्द कोइनोनिया, म्हणजे वाटेकरी होणे. पहिल्या तीन गोष्टी आपण रविवारी करतो. ही चौथी दीड तासाच्या उपासनेत उरकत नाही, कारण कुणाची चूल पेटली नाही हे चर्चच्या बाकावरून दिसत नाही.

दिवाळीनंतर पाडे पुन्हा रिकामे होतील. यंदा गटांनी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा मोबाइल नंबर आणि फडाचे गाव वहीत लिहून घेतले आहे. बुधवारी संध्याकाळी फोन लावून सोबत प्रार्थना करायची, असे ठरले आहे. आपल्या गावाजवळ ऊसतोडीचा फड किंवा वीटभट्टी असेल तर आम्हाला कळवा. तिथे आमच्यापैकी कोण आहे, ते वहीत पाहून सांगू.