'लग जा गले': भुताच्या सिनेमातलं गाणं लग्नाच्या रीलमध्ये कसं आलं, आणि त्याचा हक्क आज कुणाकडे आहे?

इन्स्टाग्राम उघडा. कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं असतं, मागे पिवळ्या दिव्यांची माळ, आणि गाणं ठरलेलं: 'लग जा गले'. संगीताच्या रात्री, प्री-वेडिंग शूटला, सगळीकडे हेच. पण ज्या सिनेमातलं हे गाणं आहे, तो बघून कुणी लग्नाला उभं राहील असं वाटत नाही.

सिनेमा 'वो कौन थी?', साल १९६४, दिग्दर्शक राज खोसला. पावसाळी रात्री डॉक्टर असलेल्या नायकाला पांढऱ्या साडीतली एक बाई भेटते आणि स्मशानाशी सोडायला सांगते. पुढे त्याचं लग्न होतं, तर बायकोचा चेहरा हुबेहूब त्या बाईसारखा. ही माणूस आहे की भूत? 'लग जा गले' येतं ते या संशयाच्या मधोमध. साधना गातेय, मनोज कुमार तिच्याकडे ओढला जातोय आणि घाबरतोयही. पुन्हा भेट होईल न होईल, हा गाण्यातला भाव आपल्याला विरहाचा वाटतो. सिनेमात तो चक्क अंगावर काटा आणतो.

संगीत मदन मोहन यांचं, शब्द राजा मेहदी अली खान यांचे, आवाज लता मंगेशकरांचा. चालीला पहाडी रागाचा आधार आहे. असं सांगितलं जातं, की राज खोसलांना ही चाल पहिल्यांदा आवडलीच नव्हती. मनोज कुमार यांनी गळ घातल्यावर त्यांनी ती पुन्हा ऐकली आणि मग कुठे गाणं राहिलं. मदन मोहन यांना या सिनेमासाठी फिल्मफेअरचं नामांकन मिळालं, पण बाहुली गेली 'दोस्ती'साठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे.

(जाता जाता: हेच दिग्दर्शक, संगीतकार, गीतकार आणि साधना १९६६ मध्ये 'मेरा साया'साठी पुन्हा एकत्र आले. तो सिनेमा आपल्या मराठी 'पाठलाग'वरून केलेला.)

पहिलं 'कव्हर' यूट्यूबच्या कितीतरी आधीचं. १९६६ मध्ये 'वो कौन थी?'चा तमिळ रिमेक आला, 'यार नी?'. साधनाच्या जागी जयललिता. संगीतकार वेदा यांनी चाल तीच ठेवली, शब्द तमिळ आले आणि गायल्या पी. सुशीला. नक्की ऐका. ओळखीची चाल अनोळखी भाषेत ऐकताना कळतं, की या गाण्याचं अर्धं काम चालच करते.

मग ऐंशीचं दशक. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात एक सोय होती: गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग आधी झालेलं असलं, की मालकाला नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं नव्या आवाजात रेकॉर्ड करता यायचं. टी-सिरीजने या वाटेने लता, रफी, किशोर यांची गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्त कॅसेटवर घरोघरी पोचवली. जुन्या कंपन्या चिडल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१२ मध्ये कायदा बदलला आणि कलम ३१-सी आलं. आता पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते आणि गाण्यात मनमानी बदल चालत नाहीत. शिवाय हे कलम ध्वनिमुद्रणापुरतं आहे, व्हिडिओबद्दल ते बोलत नाही.

नव्या काळात सनम बँडने हे गाणं पुन्हा तरुणांच्या कानात नेलं. २०१८ मध्ये 'साहेब बीवी और गँगस्टर ३'मध्ये ते जोनिता गांधींच्या आवाजात आलं. त्याच वर्षी लतादीदींनी जुन्या गाण्यांच्या रिमेकबद्दल सोशल मीडियावर लिहिलं होतं. आत्मा राखून गाणं नव्याने मांडायला त्यांची हरकत नव्हती. मोडतोड त्यांना मान्य नव्हती. माझं मत विचाराल, तर बहुतेक कव्हर्सची अडचण मोडतोड नसून अति गोडवा आहे. सगळे ते कुजबुजत गातात. लतादीदींच्या आवाजात एक थंडपणा आहे, तोच गळून जातो.

आता मुद्द्याचा प्रश्न. तुम्ही कव्हर टाकलंत आणि 'कॉपीराइट क्लेम' आला, असं का होतं? कारण एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६४ च्या रेकॉर्डिंगची ही मुदत २०२४ अखेर संपली. पण शब्द आणि चाल यांची ६० वर्षं मोजतात ती गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून. राजा मेहदी अली खान १९६६ मध्ये गेले, म्हणजे शब्दांचा हक्क २०२६ संपेपर्यंत. मदन मोहन १९७५ मध्ये गेले, म्हणजे चालीचा हक्क २०३५ संपेपर्यंत.

तुम्ही गाता तेव्हा लतादीदींचं रेकॉर्डिंग वापरतच नाही. वापरता ते शब्द आणि चाल. त्यामुळे रेकॉर्डिंगची मुदत संपली म्हणून कव्हर मोकळं होत नाही. यूट्यूबवर क्लेम आला, तर व्हिडिओ सहसा दिसत राहतो, जाहिरातीचे पैसे मात्र हक्कदाराकडे जातात. नुसतं गिटारवर, एकही शब्द न गाता वाजवलंत तरी हिशोब तोच. चाल मदन मोहन यांचीच आहे.