गव्हाची कुळपरीक्षा

गव्हाचे शेत लांबून पाहिले तर सर्व ओंब्या सारख्याच भासतात. जवळ गेल्यावर मात्र त्यांतील भेद दिसू लागतात. खपलीच्या दाण्याला टरफल घट्ट बिलगलेले असते. बन्सीचा दाणा कठीण असून त्याचा रवा चांगला निघतो. वनस्पतिशास्त्रज्ञही प्रथम याच वाटेने जातात. रोपाची उंची, फुटव्यांची संख्या, ओंबी बाहेर पडण्यास लागणारे दिवस, कुसळांची ठेवण, हजार दाण्यांचे वजन, अशी लक्षणे मोजून ते वाणावाणांतील अंतर ठरवितात.

तथापि या परीक्षेला मर्यादा आहे. एकच वाण ओलिताखाली उंच वाढतो आणि कोरडवाहू जमिनीत खुजा राहतो. उलट, भिन्न कुळांतील दोन वाण दिसण्यात जुळे वाटू शकतात. म्हणून डी. एन. ए.ची साक्ष काढावी लागते. या रेणूत काही ठिकाणी एखादा लहानसा अक्षरसमूह ओळीने पुनःपुन्हा येतो. तो किती वेळा यावा, हे वाणागणिक बदलू शकते. तेवढ्याच भागाच्या असंख्य प्रती करून त्या विजेच्या प्रवाहाने जेलीसारख्या थरातून सरकवितात. आखूड तुकडे पुढे जातात, लांब मागे राहतात. अशा अनेक खुणा ताडून पाहिल्या म्हणजे वाणांचे नाते वंशवृक्षासारखे मांडता येते. पाणी किंवा खत यांमुळे या खुणा बदलत नाहीत.

हा खटाटोप केवळ नामकरणासाठी नाही. १९९८ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा प्रकार आढळला. पुढे त्याला ‘यूजी-९९’ हे नाव पडले. जगातील अनेक वाणांची भिस्त ‘एसआर-३१’ या एकाच प्रतिकारक जनुकावर होती. या तांबेऱ्यापुढे तेच निष्प्रभ ठरले. वाणांची नावे निराळी होती, परंतु त्यांची ढाल एकच होती.

अर्थात खुणा भिन्न आहेत म्हणून वाण रोगाला तोंड देईलच, असे नव्हे. त्याची कसोटी शेतातच लागते. ओंबीचे मोजमाप आणि डी. एन. ए.ची साक्ष यांचा मेळ घालूनच संकरासाठी दूरच्या कुळांतील जोड्या निवडाव्या लागतात. महाराष्ट्र व कर्नाटक येथे पिकणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या म्हणून मागे पडलेल्या खपली गव्हातूनच काळ्या तांबेऱ्याला रोखणारी जनुके गहू-सुधारकांच्या हाती आली. असे जुने बियाणे एकदा नाहीसे झाले, तर ते कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा घडविता येणार नाही.