काचपेटीतला सरडा : स्वच्छता आणि सुरक्षितता

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण मराठी वर्गातल्या बहुतेकांनी ऐकलेली आहे. ज्याची जेवढी ताकद, तेवढीच त्याची झेप, असा तिचा अर्थ. रानातला सरडा आपले कुंपण आपणच निवडतो. ऊन फार झाले तर सावलीत सरकतो, जागा घाण झाली तर दुसरीकडे जातो. पण काचेच्या पेटीत ठेवलेल्या सरड्याला कुठेच जाता येत नाही. त्याचे ऊन, सावली, पाणी आणि स्वच्छता सर्व घरच्या माणसांच्या हातात असते. म्हणून असा प्राणी घरात आणण्याआधी त्याच्या पेटीची निगा कशी राखायची, हे मुलांनी आणि मोठ्यांनी दोघांनीही समजून घेतले पाहिजे.

हल्ली पुष्कळ घरांत जो सरडा पाळला जातो, त्याला ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात, म्हणजे दाढीवाला ड्रॅगन. राग आला किंवा भीती वाटली की तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो. ती काळी पडते आणि दाढीसारखी दिसते. हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या कोरड्या मुलखातला. कोकणात कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा आणि इस्राएलमध्ये दगडी भिंतींवर ऊन खात बसणारा हर्दून हे दोघेही त्याच्याच कुळातले, म्हणजे ‘अगॅमिडी’ या कुळातले आहेत. मात्र भिंतीवरचा हर्दून पकडून पेटीत ठेवू नये. रानटी प्राणी पकडणे इस्राएलमध्ये कायद्याने मना आहे, शिवाय त्याच्या अंगावरच्या गोचिडी आणि पोटातले जंत पाळीव सरड्याला लागतात.

प्रथम पेटीची रचना पाहू. पूर्ण वाढलेला बिअर्डेड ड्रॅगन शेपटीसह साधारण ४० ते ६० सेंटिमीटर लांब होतो. त्याला निदान १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच पेटी हवी. एवढी लांबी चैनीसाठी नव्हे. सरड्याचे रक्त थंड असते. त्याचे शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ३८ ते ४२ अंश सेल्सिअस ऊब आणि दुसऱ्या टोकाला सुमारे २५ अंश गारवा असावा लागतो. ऊब मिळाली नाही तर खाल्लेले पचत नाही. गारवा मिळाला नाही तर तो उष्णतेने मरतो. पेटी आखूड असेल तर दोन्ही टोके सारखीच तापतात आणि बिचाऱ्याला पळायला जागा उरत नाही. तापमान हाताने चाचपून कळत नाही. दोन्ही टोकांना एकेक तापमापक लावावा.

दुसरा दिवा अतिनील किरणांचा, ज्याला ‘यूव्हीबी’ म्हणतात. या किरणांमुळे सरड्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे कॅल्शियम हाडांत जाते. हा दिवा नसेल तर हाडे मऊ होतात, पाय वाकतात, जबडा सुजतो. खिडकीच्या काचेतून हे किरण येत नाहीत, म्हणून काचेआडचे ऊन उपयोगाचे नाही. दिवा दिसायला पेटलेला असला तरी त्यातले किरण हळूहळू कमी होतात. त्यामुळे तो साधारण वर्षाने बदलावा. बसवल्याची तारीख त्याच्यावर लिहून ठेवली तर विसर पडत नाही.

दिव्यामुळे आग लागण्याचा आणि भाजण्याचा धोका असतो. गरम दिव्याला चिनी मातीचा होल्डर आणि भोवती जाळी असावी, म्हणजे सरडा त्याला चिकटणार नाही. जवळ पडदा किंवा कापड नसावे. वायर पाण्याच्या भांड्यापासून दूर न्यावी. थर्मोस्टॅट लावला तर ऊब हाताबाहेर जात नाही. विजेने तापणारे दगड बाजारात मिळतात, ते वापरू नयेत. सरड्याला पोटाखालची उष्णता लवकर कळत नाही आणि त्याचे पोट भाजते. रात्री सर्व दिवे बंद करावेत, त्यालाही अंधार लागतो. शरावच्या दिवसांत पेटी खिडकीपाशी किंवा मर्पेसेतवर उन्हात ठेवू नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीसारखी ती थोड्याच वेळात तापते.

तळाला काय घालावे, यावर पुष्कळ चर्चा होते. वाळू वाळवंटासारखी दिसते, म्हणून मुलांना आवडते. पण पिल्लू खाण्याबरोबर वाळूही गिळते, ती आतड्यात साचते आणि वाट बंद होते. अक्रोडाच्या कवचांचा चुरा तर त्याहून वाईट. निदान सुरुवातीला तरी कागदी टॉवेल किंवा खडबडीत फरशी घालावी. कागद उचलून टाकता येतो, फरशी पुसता येते आणि घाण झालेली लगेच दिसते.

आता रोजची कामे. सकाळी दिवे लागले की विष्ठा उचलावी आणि त्या जागी साबणाच्या पाण्याने पुसावे. विष्ठा उचलताना तिच्याकडे नीट पाहावे. तपकिरी भाग म्हणजे शौच आणि पांढरा भाग म्हणजे लघवी. ती दोन-तीन दिवस पातळ, फार दुर्गंधी किंवा रक्त असलेली दिसली तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जावे. पाण्याचे भांडे रोज धुऊन ताजे पाणी भरावे. उरलेली पालेभाजी संध्याकाळपर्यंत पेटीत राहू देऊ नये, ती उबेत लवकर कुजते. खायला घातलेले रातकिडे उरले तर तेही काढून घ्यावेत, कारण रात्री ते झोपलेल्या सरड्यालाच चावतात. अंगणात पकडलेले किडे घालू नयेत, त्यांच्यावर फवारणीचे औषध असू शकते. काजवा तर एकही पोटात गेला तरी सरडा मरू शकतो. ॲव्होकॅडोही त्याला विषारी आहे.

आठवड्यातून एकदा काचा, फांद्या आणि दगड पुसावेत, तळाचा सर्व कागद बदलावा. महिन्यातून एकदा पूर्ण सफाई करावी. तिचा क्रम असा :

सरड्याला झाकण आणि हवेची भोके असलेल्या वेगळ्या डब्यात घालून दुसऱ्या खोलीत ठेवावे. दिव्यांचे प्लग काढून ते थंड होऊ द्यावेत. पेटीतले सर्व सामान बाहेर काढावे. मग आधी साबण आणि गरम पाण्याने पेटी घासावी. ही पायरी गाळू नये. घाणीच्या थरावर जंतुनाशक ओतले तर ते खालच्या जंतूंपर्यंत पोचत नाही. घासून झाल्यावर जंतुनाशक लावावे. इथे घरोघरी जिला अकोनोमिका म्हणतात ती साधी ब्लीच चालते. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यावे. नंतर वास पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पेटी कोरडी होऊ द्यावी. ओल राहिली तर सरड्याच्या फुप्फुसांना त्रास होतो. शेवटी दिवे लावावेत आणि तापमान नेहमीइतके झाल्यावरच सरड्याला आत सोडावे.

ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेला कोणताही साबण कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. तो सरड्यालाच नव्हे, माणसालाही घातक आहे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत आणि ब्लीचचे काम मोठ्या माणसानेच करावे. फांदीच्या भेगांत घाण मुरली असेल तर ती फांदी फेकून नवी आणावी. कॉक्सिडियासारखे परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात आणि त्याच पेटीतून पुन्हा सरड्याच्या पोटात जातात. पेटी साफ नसेल तर औषध देऊनही आजार उलटतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, घरातल्या माणसांची. सरड्यांच्या आतड्यात ‘साल्मोनेला’ नावाचे जंतू असू शकतात. सरडा ठणठणीत दिसतो, खातोपितो, तरी जंतू त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि पेटीत, त्याच्या कातडीवर आणि पाण्यात पसरतात. माणसाच्या पोटात गेले की सहा तासांपासून सहा दिवसांच्या आत जुलाब, ताप आणि पोटात मुरडा सुरू होतो. धडधाकट माणूस बहुधा आठवड्याभरात बरा होतो. पण पाच वर्षांखालची मुले, पासष्टी ओलांडलेली माणसे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशांना हा आजार जिवावर बेतू शकतो. अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात दीडशेहून अधिक माणसे बिअर्डेड ड्रॅगनमुळे आजारी पडल्याचे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याला आढळले आणि त्यांत लहान मुलेच फार होती.

ज्या घरात नातवंडे आणि आजी-आजोबा एकत्र राहतात, तिथे हे दोन्ही नाजूक वयोगट एकाच छताखाली असतात. म्हणून काही नियम सर्वांनी पाळावेत. सरड्याला, त्याच्या पेटीला किंवा भांड्याला हात लावल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. त्याचा मुका घेऊ नये. तो स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर नसावा. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. बाहेर नळावर किंवा वेगळ्या टबात धुवावीत. घरातच धुवायची वेळ आली तर नंतर ती मोरीही जंतुनाशकाने धुऊन घ्यावी. त्याची घासणी, फडके आणि बादली वेगळी ठेवून त्यांच्यावर खूण करावी. पाच वर्षांखालच्या मुलांनी त्याला हात न लावता काचेबाहेरूनच पाहावे. एवढे सांभाळणे जमणार नसेल, तर घरात बाळ असेपर्यंत सरडा न आणणे हेच शहाणपणाचे.

कामाची वाटणी आधीच ठरवली तर भांडणे होत नाहीत. दहा-बारा वर्षांचे मूल पाणी बदलू शकते, भाजी चिरून घालू शकते, तापमान पाहून वहीत लिहू शकते. सफाई आईवडिलांनी करावी. आजी-आजोबांनी पेटीला हात लावण्याची गरज नाही, पण हात धुतले की नाही, दिवा वेळेवर लागला की नाही, हे त्यांच्याइतके बारकाईने दुसरे कोण पाहणार? बिअर्डेड ड्रॅगन दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. आज सहावीत असलेला मुलगा सैन्यात जाईल, तेव्हाही तो त्याच पेटीत असेल. तेव्हा पाणी कोण भरणार, याचे उत्तर दुकानात जाण्याआधीच घरात मिळाले पाहिजे.