घराचा सौदा आणि वाळवीची जबाबदारी

वाशी येथील एपीएमसी मार्केटांतील धान्याचा व्यापारी मूठभर दाणे तळहातावर पसरून, त्यांस कीड लागली आहे कीं काय हें पाहिल्यावांचून सौदा करीत नाहीं. परंतु त्याच परिसरांत जुनी सदनिका घेणारा गृहस्थ मात्र पुष्कळदां नव्या रंगावर भुलून आयुष्याची पुंजी मोकळी करतो. पुढें पावसाळ्यांत दाराच्या चौकटीवर मातीची नळी चढूं लागते, आणि मग वाद उपस्थित होतो: वाळवीचा खर्च कोणी सोसावयाचा?

या प्रश्नाचें उत्तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमांत आहे. वेगळा करार नसेल, तर मालमत्तेंतील जें महत्त्वाचें वैगुण्य विक्रेत्यास ठाऊक आहे, पण खरेदीदारास ठाऊक नाहीं व सामान्य काळजीनें सांपडणार नाहीं, तें विक्रेत्यानें सांगितलेंच पाहिजे. न सांगणें हें कपट मानलें जातें. पोखरलेली चौकट लांबी भरून रंगविली, तर तो सरळ लपविण्याचा प्रकार झाला. मात्र बोटानें दाबतांच लांकूड आंत जात असेल, तर 'तुम्हीं पाहिलें कां नाहीं?' असा प्रश्न खरेदीदारासच विचारला जाईल. आणि विक्रेत्यास खरोखरच कांहीं माहीत नसेल, तर हें कलम त्यास बांधीत नाहीं.

नव्या इमारतीची गोष्ट निराळी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताब्यापासून पांच वर्षांत दाखवून दिलेले बांधकामाचे दोष विकासकानें तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचे असतात. जुन्या घराच्या खाजगी विक्रीस हें संरक्षण मिळत नाहीं.

म्हणून शहाण्यानें विसार देण्यापूर्वींच तपासणी करावी. वाळवीस ओलावा लागतो. यास्तव स्नानगृहालगतच्या चौकटी, ओट्याखालची जागा व भिंतींस टेकलेल्या कपाटांची पाठ अगोदर पहावी. तपासणी नंतर व्हावयाची असेल, तर साठेखतांत चार गोष्टी स्पष्ट लिहाव्या: तपासनीस कोणी नेमावा, त्याचा खर्च कोणी द्यावा, तपासणी कोणत्या तारखेच्या आंत व्हावी, आणि कीड आढळल्यास दुरुस्ती, किंमतींत सूट कीं विसाराची परतफेड. पूर्वीं औषध-फवारणी झाली असेल, तर तिचे कागदही मागून घ्यावे. वाळवी बहुधा जमिनींतून वर येते. तेव्हां तळमजल्याविषयीं गृहनिर्माण संस्थेकडेही चौकशी करावी.

तोंडी आश्वासन पुढें सिद्ध करणें कठीण जातें. साठेखतांतील चार ओळी मात्र दोन्ही पक्षांस सारख्याच बांधतात, आणि प्रामाणिक विक्रेत्यासही मागाहून येणाऱ्या आरोपापासून वांचवितात.