वाट माणसाची, नजर श्वानाची

मार्गदर्शक श्वान अंध व्यक्तीला हव्या त्या ठिकाणी नेऊन पोचवतो, ही सर्वसाधारण समजूत वस्तुस्थितीला धरून नाही, आणि या श्वानाच्या सोबतीने मिळणारे स्वावलंबन नेमके कशात असते हे समजून घेण्याच्या आड तीच प्रथम येते. बँक कोठे आहे किंवा टपाल कार्यालयासाठी कोणत्या कोपऱ्यावर वळावे, हे श्वानाने जाणावे अशी अपेक्षाच नसते. रोजच्या वाटा त्याच्या अंगवळणी पडतात हे खरे, परंतु मार्ग ठरवणे, तो मनात धरून चालणे आणि प्रत्येक वळणावर आज्ञा देणे हे काम माणसाचेच असते. त्या वाटेवरचे अडथळे चुकवणे, पदपथाची कड किंवा जिन्याची पहिली पायरी आली की थांबणे आणि माणसाच्या डोक्याला लागेल अशी लोंबती फांदी वेळीच ओळखून तिला वळसा घालणे, एवढेच श्वानाकडे सोपवलेले असते. ही फांदी श्वानाच्या स्वतःच्या पाठीपासून पुष्कळ उंच असते, म्हणजे त्याला आपल्यापुरते न पाहता शेजारच्या उंच देहाचा अंदाज घेत चालावे लागते, आणि हे त्याच्या शिक्षणातील कठीण धड्यांपैकी एक आहे.

श्वान बहुधा माणसाच्या डाव्या बाजूने चालतो. त्याच्या अंगावर पट्ट्यांचा एक साज चढवलेला असतो, त्याला हार्नेस म्हणतात, आणि त्याला जोडलेली ताठ मूठ माणसाच्या डाव्या हातात असते. ही मूठ दोरीसारखी सैल नसल्यामुळे श्वानाचे वळणे, मंदावणे, थबकणे त्याच क्षणी हाताला कळते. पांढऱ्या काठीचा व्यवहार याहून वेगळा आहे. काठी अडथळा शोधून काढते; तिचे टोक खांबाला लागते, मग खांब आहे हे कळते आणि मग त्याला वळसा घातला जातो. श्वान त्या खांबापर्यंत पोचूच देत नाही, त्यामुळे चाल अधिक वेगवान आणि सलग होते. मात्र काठीला लागणाऱ्या भिंती, खांब, कठडे या वाटेच्या खुणाही त्याबरोबर हरपतात. म्हणूनच दिशा ओळखून एकट्याने वावरण्याचे शिक्षण आधीच घेतलेल्या व्यक्तीलाच श्वानाचा खरा उपयोग होतो, आणि काठी वापरणाऱ्याला कमी स्वतंत्र समजणे ही मोठी चूक ठरते.

रस्ता ओलांडताना या दोघांमधील कामाची वाटणी सर्वांत स्पष्ट दिसते. सिग्नलचा दिवा लाल आहे की हिरवा हे श्वान ठरवत नाही. वाहनांचा आवाज कोणत्या दिशेने वाहतो आहे हे ऐकून माणूस निर्णय घेतो आणि पुढे चालण्याची आज्ञा देतो. परंतु त्याच वेळी एखादी मोटार अनपेक्षितपणे वळून समोर आली, तर श्वान ती आज्ञा मोडतो, जागचा हलत नाही किंवा माणसाला मागे सारतो. प्रशिक्षक याला विवेकी अवज्ञा म्हणतात. आज्ञा पाळण्याचे कसून शिक्षण दिलेल्या प्राण्याला ती कधी पाळू नये हेही शिकवावे लागते, आणि माणसालाही, आपली आज्ञा मोडली गेली की चिडून ओढाताण न करता थांबण्याचे वळण लावून घ्यावे लागते. दोघांपैकी कोणीही एकटा सर्वज्ञ नाही, हे मान्य करण्यावर ही संपूर्ण पद्धत उभी आहे.

या पद्धतीचा संघटित आरंभ युद्धातून झाला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि जखमांनी अंध झालेल्या जर्मन सैनिकांसाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी 1916 मध्ये ओल्डेनबर्ग येथे मार्गदर्शक श्वानांची शाळा सुरू केली, आणि पुढे 1923 मध्ये पोट्सडाम येथे अशीच दुसरी शाळा निघाली. स्वित्झर्लंडमधील वेव्हे या गावाजवळ पोलीस आणि लष्करी कामासाठी जर्मन शेफर्ड श्वानांची पैदास करणाऱ्या डॉरोथी हॅरिसन यूस्टिस या अमेरिकन महिलेने पोट्सडामचे काम पाहिले आणि त्यावर लिहिलेला तिचा लेख ‘सॅटरडे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकात 5 नोव्हेंबर 1927 रोजी प्रसिद्ध झाला.

तो लेख टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वाचून दाखवण्यात आला. एक डोळा बालपणी आणि दुसरा सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात गमावलेला हा तरुण विमा विकत असे. पण त्यासाठी हात धरून नेणारा मुलगा पगार देऊन ठेवावा लागे, आणि केस कापून घ्यायचे झाले तरी कोणीतरी नेऊन सोडण्याची व परत न्यायला येण्याची वाट पाहावी लागे. अशा परावलंबनात मोठा जाच असा कोणी करत नाही, उलट सगळे प्रेमानेच वागतात, आणि म्हणूनच त्याविरुद्ध बोलणे अवघड होते. फ्रँकने यूस्टिसबाईंना पत्र लिहून असा श्वान मागितला आणि आपल्याला शिकवले तर परत येऊन इतर अंधांना मदत करू, असे वचनही दिले. 1928 मध्ये तो स्वित्झर्लंडला निघाला तेव्हा एकटा अंध प्रवासी म्हणून त्याची रवानगी अमेरिकन एक्सप्रेस कंपनीमार्फत पार्सलसारखी, रखवालदाराच्या ताब्यात झाली. परतताना त्याच्या डाव्या हाताशी बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री होती आणि त्याला रखवालदाराची गरज उरली नव्हती. न्यूयॉर्कला उतरल्यावर बंदरालगतचा वेस्ट स्ट्रीट हा वाहनांनी गजबजलेला रस्ता त्याने वार्ताहरांच्या देखत बडीच्या भरवशावर ओलांडला आणि यूस्टिसबाईंना यश कळवणारी एका शब्दाची तार पाठवली. दिलेल्या वचनाप्रमाणे 29 जानेवारी 1929 रोजी नॅशव्हिल येथे ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. ती पुढे न्यू जर्सी राज्यात गेली आणि आजही तेथे कार्यरत आहे. ब्रिटनमध्ये 1931 साली वॉलसी येथे पहिल्या चार श्वानांचे शिक्षण झाले.

आज या कामासाठी मुख्यतः लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड या जाती निवडल्या जातात. पिल्ले साधारण दोन महिन्यांची झाली की स्वयंसेवक कुटुंबांकडे वाढतात, बाजार, बस, गर्दी, जिने यांची त्यांना सवय होते आणि वर्ष-सव्वा वर्षानंतर ती प्रशिक्षकांकडे परततात. सगळीच या कामाला योग्य ठरत नाहीत. त्यानंतर येते जोडी जुळवण्याचे काम, आणि त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. माणसाची चाल किती वेगवान आहे, त्याला हाताला किती ओढ सोसते, तो गजबजलेल्या शहरात राहतो की शांत वस्तीत, हे पाहून श्वान निवडला जातो, आणि ही चाल अजमावण्यासाठी प्रशिक्षक कधी कधी श्वानाच्या जागी स्वतःच हार्नेस धरून त्या व्यक्तीच्या पुढे चालतो. मग काही आठवडे दोघे एकत्र शिकतात. सात-आठ वर्षे काम केल्यावर श्वान निवृत्त होतो, आणि त्या विरहाबरोबरच नव्या श्वानाशी विश्वास पुन्हा पहिल्यापासून जोडण्याचे कष्टही माणसाच्या वाट्याला येतात.

श्वान मिळाला म्हणजे दारे उघडली असे मात्र झाले नाही. आगगाडीच्या डब्यात, उपाहारगृहात, हॉटेलात बडीला मज्जाव होई, आणि फ्रँकच्या आयुष्यातील बराच काळ ही बंदी उठवण्यासाठी गावोगावी फिरण्यात गेला. 1956 पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी मार्गदर्शक श्वानाला सार्वजनिक ठिकाणी प्रवेश देणारे कायदे केले. श्वानाने मिळवून दिलेले स्वातंत्र्य दुकानाच्या उंबरठ्यावर संपत असेल तर दोष त्या उंबरठ्याचा असतो.

भारतात असे श्वान अद्याप अत्यंत विरळ आहेत. तुटलेले किंवा अतिक्रमणाखाली गेलेले पदपथ, मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आणि प्रशिक्षणाच्या सोयींचा अभाव यांमुळे मुंबई-पुण्यातील अंध व्यक्तीचा मुख्य आधार पांढरी काठीच आहे. परंतु फ्रँकला जो जाच होता तो येथेही ओळखीचा आहे: न विचारता दंड धरून रस्ता ओलांडून देणारे हात मदतीचेच असतात, तरी ते चालणाऱ्याच्या मनातील वाट मोडून टाकतात. आधी विचारावे, होकार मिळाल्यास आपला दंड पुढे करावा आणि तो धरून किती वेगाने चालायचे ते त्या व्यक्तीला ठरवू द्यावे. आणि कोठे हार्नेस घातलेला श्वान दिसलाच तर त्याला हाक मारू नये, गोंजारू नये, खाऊ घालू नये, कारण तो त्या वेळी कामावर असतो.

‘द सीइंग आय’ने श्वान फुकट द्यायचा नाही असे आरंभीच ठरवले. शिक्षणाचा खर्च देणग्यांतून भागतो आणि तो घेतलेल्या शुल्काच्या कितीतरी पट असतो, तरीही घेणाऱ्याने काही मोल द्यावे, ऐपत नसल्यास हप्त्यांनी द्यावे, म्हणजे श्वान भिक्षा म्हणून नव्हे तर स्वतःचा म्हणून घरी जाईल, असा त्यामागचा विचार होता. पहिल्या श्वानासाठी 150 डॉलर आणि नंतरच्या प्रत्येकासाठी 50 डॉलर हे शुल्क 1934 मध्ये ठरले, आणि त्यानंतर ते वाढवलेले नाही.