पाणी मुळाशी, ओढ पानाची



भर दुपारी मिरचीच्या रोपांनी माना टाकलेल्या दिसल्या की आपला हात आपोआप पंपाच्या बटणाकडे जातो. काही वर्षांपूर्वी आम्हीही तेच केले. श्रावणातली झड उघडली, कडक ऊन पडले आणि दोन दिवसांत रोपे मलूल झाली. वरची माती सुकलेली दिसत होती, म्हणून आम्ही सरीतून पाणी सोडले. आठवडाभरात निम्मा वाफा गेला. रोपे उपटून पाहिली तर मुळे काळी पडून कुजलेली. ती तहानेने मेली नव्हती. मुळांचा श्वास कोंडून मेली होती.

अशी चूक पुन्हा कोणाकडून होऊ नये म्हणून रोपाच्या अंगात पाणी कसे फिरते ते आज पाहू.

मूळ पाणी कसे घेते?

जाड मुळे रोपाला धरून ठेवतात. पाणी घेण्याचे बरेचसे काम मात्र कोवळ्या मुळांच्या टोकाजवळचे अतिशय बारीक केस करतात. त्यांना मूलरोम म्हणतात. मातीच्या कणाकणांत शिरून, कणांना चिकटलेले पाणी ते घेतात. रोप हिसका देऊन उपटले की हे केस तुटून मातीतच राहतात. लावणीनंतर रोप दोन-चार दिवस मलूल का राहते, याचे कारण हेच.

मूळ जिवंत असते आणि त्याला श्वास घ्यावा लागतो. मातीच्या पोकळ्यांत थोडे पाणी व थोडी हवा, दोन्ही हवीत. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा निघून जाते, मुळांचे काम मंदावते आणि रोप पाण्यात उभे राहूनही तहानलेले राहते. मग भात चिखलात कसे वाढते, असे कोणी विचारील. भाताच्या देठात व मुळांत पोकळ वाटा असतात. त्यांतून पानांकडची हवा मुळांपर्यंत पोहोचते. मिरची, टोमॅटो, तंबाखू यांना अशी पुरेशी सोय नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातील बायका चांगली जाणतात. लोणचे घालताना कैरीच्या फोडींना मीठ लावले की फोडींतील पाणी बाहेर येते. मुळांजवळ खताचा ढीग पडला आणि माती कोरडी असली, तर मुळांचेही तसेच होते. पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढले जाते आणि पानांच्या कडा करपतात.

पाणी वर कोण चढवते?

मुळापासून देठातून पानाच्या शिरांपर्यंत केसाहून बारीक नळ्यांची सलग वाट असते. यांना जलवाहिन्या म्हणतात. त्यांतून पाणी वर ढकलण्याचे काम मुळे करतात, असे पुष्कळांना वाटते. मुळांना थोडा जोर आहे खरा. पहाटे टोमॅटोच्या किंवा भाताच्या पानांच्या कडेला व टोकाला जे थेंब दिसतात, ते दर वेळी दव नसते. बऱ्याच वेळा रात्री मुळांनी वर ढकललेले पाणी असते. पण साठ फुटी माडाच्या शेंड्यापर्यंत पाणी पोहोचवण्यास हा जोर पुरत नाही.

खरी ओढ पानांची असते. पानांतून पाण्याची वाफ हवेत जाते, तसे खालचे पाणी वर ओढले जाते. विहिरीच्या काठावरचा पंप सुमारे पंचवीस फुटांपलीकडून पाणी नीट ओढू शकत नाही, हे आपण जाणतो. कारण तेथे बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर लोटतो आणि त्या दाबाला मर्यादा आहे. झाडात पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. वरचा ओढला गेला की त्याच्यामागून खालचा येतो, जणू पाण्याचा दोरच. हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी हा विचार १८९४ मध्ये डब्लिन येथे मांडला आणि तो आजही मानला जातो.

दोर तुटता मात्र कामा नये. वेदीसाठी कापलेल्या फुलांच्या देठात हवा शिरली की ती लवकर कोमेजतात. म्हणून देठाचे टोक पाण्यात बुडवून, पाण्याखालीच थोडे कापावे आणि मग फुले भांड्यात ठेवावीत.

पानांची दारे

पानांवर, विशेषतः खालच्या बाजूस, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. ती पर्णरंध्रे. रोपाला अन्न तयार करण्यासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइड लागतो, म्हणून दिवसा ही दारे उघडावी लागतात. आणि दार उघडले की पाणीही निसटते. मुळांनी घेतलेल्या १०० भाग पाण्यापैकी ९५ हून अधिक भाग असे हवेत जातात.

इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या अँग्लिकन धर्मगुरूने हे मोजून पाहिले. कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने झाकून साडेतीन फूट उंचीच्या सूर्यफुलाचे त्याने दररोज वजन केले. दिवसाच्या बारा तासांत ते रोप सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी सोडत होते. त्याचा ग्रंथ १७२७ मध्ये प्रसिद्ध झाला.

उन्हात व वाऱ्यात ही ओढ वाढते. मुळांकडून तितके पाणी वेळेवर आले नाही की पाने लोंबतात. म्हणून दुपारचे कोमेजणे हा नेहमीच पाण्याच्या तुटवड्याचा पुरावा नव्हे.

पंप सुरू करण्यापूर्वी

१. सायंकाळपर्यंत थांबा. ऊन उतरल्यावर किंवा पहाटे रोप ताठ झाले, तर बहुधा काळजी नाही.

२. पहाटेही रोप मलूल असेल, तर मुळाजवळ वीतभर खोल उकरा. माती मुठीत दाबून सुटी राहिली तर पाणी द्या.

३. माती चिखलासारखी ओली निघाली तर पाणी बंद ठेवा आणि चर काढून साचलेले पाणी बाहेर जाऊ द्या. माती वाफशावर आली की हलकी खुरपणी करा.

४. ओल योग्य असूनही मिरची, टोमॅटो, वांगी किंवा बटाट्याचे रोप कोमेजत असेल, तर जमिनीजवळचा देठाचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात त्याचे टोक बुडवून धरा. काही मिनिटांत दुधासारखी पांढरी धार खाली उतरू लागली, तर ती जिवाणूंमुळे होणारी मर आहे. जिवाणूंनी नळ्याच तुंबवल्या, तेथे पाणी देऊन उपयोग नाही. असे रोप मुळासकट उपटून जाळावे, त्या वाफ्यातले पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नये आणि पुढे तेथे मका किंवा जोंधळा घ्यावा. बेळगाव भागातील बांधवांनी आपल्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात रोप दाखवून सल्ला घ्यावा.

लावणी करताना रोपवाटिकेला आधी पाणी द्यावे, रोपे मातीसकट काढावीत आणि उन्हे कलल्यावर लावावीत. खत ओल असतानाच, खोडापासून थोडे दूर द्यावे. उन्हाळ्यात सरीत उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला पसरल्यास मातीतली ओल टिकते.

मुलांना हे दाखवायचे असेल तर पावसाळ्यात तेरड्याची फांदी कापून लाल शाईच्या पाण्यात ठेवा. त्याचा देठ पारदर्शक असल्याने काही तासांत लाल रेघा वर चढताना दिसतील.

पाण्याला आज वीज लागते, पैसा लागतो, आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो. रोपाने मान टाकली की आधी मूठभर माती हातात घ्या. पाणी द्यायचे की थांबायचे, हे ती माती सांगेल.